गोडं पाणी

बेकारांच्या कचेरीनं मला इथं धाडलं
तेव्हा हातात चिठ्ठी होती : सुतारकाम, अनुभव नाही.
वीबे टाडेमानं ती वाचली, चौघडी केली
आणि डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सारली.

आम्ही रंधा मारतो त्या जागी
त्याच्या लहानपणी दोन पुरुष पाणी होतं.
मग बांध पडला, पंप लागले, समुद्राला हाकललं.
बापाचा नांगर जिथं तळाला रुतायचा
तिथं आता दुसऱ्याचा नांगर चालतो, बटाट्यासाठी.
एकदा त्या नांगराला हा नांगर लागला,
गंजलेला, एक फाळ मोडका.
शेतकऱ्यानं तो फाटकापाशी ठेवलाय. सायकली टेकायला.

जहाज छप्पन्न तोफांचं.
मूळचं शत्रूनं जाळलं, तीनशे वर्षं झाली.
नकाशा नाही; तेव्हाचे सुतार कागद काळा करत नसत,
डोळ्यानं मोजत.
वीबेही एक डोळा मिटतो, बरगडीवरून नजर सरकवतो,
म्हणतो, "केसभर."
कुणाच्या केसाएवढं, विचारायची सोय नाही.
मी तासतो.
ज्याला कुणी पाहिलंच नाही
त्याची नक्कल चुकली हे याला कळतं कसं?

शाळेची पोरं येतात. एकीनं विचारलं,
"हे कुणाशी लढणार?"
बाई हसल्या. वीबेच्या ओठांत लाकडी खुंट्या होत्या,
त्या न काढताच तो म्हणाला, "विमा कंपनीशी."
खरंच होतं ते. तपासनीस आला, इंजीन हवं म्हणाला,
दारूकोठारात आगीची घंटा हवी म्हणाला,
आणि तोफेत हात घालून बघितलं, आत काही आहे का.
चिमणीचं घरटं होतं.

अकराव्या वर्षी जहाज पाण्यात गेलं.
बँड, महापौर, नुसत्या दारूचा बार;
गोळा नाही हे बगळ्यांना कोण सांगणार,
ते उडाले ते दिसेनासेच झाले.

वीबे वर नव्हता.
मी शिडीनं खाली गेलो, पार तळाशी.
अंधारात गुडघ्यांवर बसून
तो फळीला कान लावून होता.
लाकूड फुगेपर्यंत झिरपायचंच, दोन-तीन दिवस,
त्यानंच शिकवलेलं.
"आलं," तो म्हणाला,
दारात कुणी चपला काढत असल्यासारखं.
बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं.

बराच वेळ गप्प.
वर टाळ्या चालल्या होत्या.

"गोडं आहे," म्हणाला,
आणि बोट विजारीला पुसलं.