पाहणारे : दोन

वडिलांनी सफरचंदाच्या झाडाला कॅमेरा बांधला
त्या दिवशी आलूक्स्नेत उणे एकोणीस होतं.
कॅमेरा म्हणजे शेजारच्या रायविसचा जुना फोन,
कोपऱ्यात तडकलेला,
आणि कोठारापासून ओढत आणलेली वायर,
तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबने बांधलेली.
थंडीत बॅटरी मान टाकायची,
म्हणून आईने आपल्या लग्नातला लोकरी हातमोजा दिला.
जोडीतला एकच कसा देऊ, म्हणत म्हणत दिला,
आणि नक्षीतल्या ताऱ्याच्या बरोबर मधोमध
कात्रीने भोक पाडलं,
डोळ्यापुरतं.

मी मोनाहनमध्ये अळंबी खुडते.
आमच्या शेडला खिडकी नाही, अळंबीला ती लागत नाही.
दहाच्या सुट्टीत खोक्यावर बसून
मी वडिलांची फांदी उघडते.
तिथे बारा वाजलेले असतात,
बर्फावर ऊन, दोरीला बिनमिठाची चरबी,
आणि तिला उलटी लटकलेली झीलीते,
पिवळ्या पोटाची, काळी टाय लावून
बँकेत कर्ज मागायला आल्यासारखी.
खाली आकडा : पाहणारे, दोन.
एक मी.
दुसरा कोण, याचा वडील महिनाभर शोध घेत होते.
पोस्टातली बिरुता म्हणाली, मी नाही बाई.
रायविस म्हणाला, कुणीतरी ब्राझीलचा असेल.
तेव्हापासून वडील चरबी जरा जास्त लावतात.
स्वतः मात्र कधी बघत नाहीत.
म्हणतात, मला काय करायचाय, मला खिडकी आहे.

मग एका मंगळवारी सीलिस आला,
निळ्या पंखाचा, दांडगट, लग्नात न बोलावलेल्या काकासारखा.
चरबीवर झेपावला, चुकला,
हातमोज्यावर आदळला.
आभाळ फिरलं, फांदी फिरली, कोठार फिरलं,
आणि सगळं थांबलं तेव्हा समोर
स्वयंपाकघराची खिडकी होती.

मी लगेच फोन करायला हवा होता.
तीनच्या सुट्टीत करू, म्हटलं.
तीन म्हणजे तिकडे पाच, दिवा लागलेला.
वडील वहीत दिवसाचे पक्षी लिहीत होते,
पेन्सिल जिभेला लावून.
आई बटाटे सोलत होती. साल तुटू न देता,
एकच लांब पट्टी, मला लहानपणी दाखवायची तशी,
आता कुणाला दाखवते कोण जाणे.
मग तिने त्यांचा चष्मा काढला,
पदर नव्हता, एप्रनला पुसला,
परत नाकावर ठेवला.
ते लिहीतच राहिले.

बुधवारी मी काही बोलले नाही.
गुरुवारीही नाही.
आकडा दोनच होता. ब्राझीलचाही गप्प होता.

रविवारी वडिलांचा फोन. दिसतात का गं पक्षी?
दिसतात.
कोणते?
एक जोडी आहे.
वही उघडल्याचा आवाज आला. रंग सांग.
मी म्हटलं, तपकिरी. नराच्या कोपराला ठिगळ आहे.
मादी थोडी वाकून चालते, डाव्या बाजूला.
तिला डॉक्टरला दाखवलंत का?

पलीकडे बराच वेळ फक्त रेडिओ.
मग खुर्ची सरकली,
मग पडद्यावर शिडी आली,
मग वडिलांचा चेहरा, एवढा मोठा
की नाकातले केस आणि त्यांवरचं दंव दिसावं.
ते माझ्याकडे बघत नव्हते,
गाठ कुठे सैल झाली ते बघत होते.
बोट काचेवर आलं, सगळं गुलाबी झालं, आणि फांदी परतली.
चरबी, बर्फ, बँकेतली ती टायवाली.

पण डाव्या कडेला, बोटभर,
खिडकीची चौकट राहून गेली आहे.
मी विचारलं नाही. ते बोलले नाहीत.
संध्याकाळी तिथे पिवळी रेघ उजळते,
मधूनच कुणीतरी तिच्यातून जातं,
खांदा, किंवा भांडं.
पाहणारे, दोन.
सुट्टी संपल्याची घंटा होते. मी हातमोजे चढवते,
माझे रबरी, दोन्ही.