हातचा

पेनं लोण्याच्या वरच्या फळीवर.
मागच्या भिंतीला टेकवायची नाहीत, तिथे बर्फ धरतो,
आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं
तरी कामाचं राहत नाही.
दारातही नकोत. दार माझा भाऊ दिवसातून वीसदा उघडतो,
काही न घेता मिटतो.

फेरोच्या या शेवटच्या बेटावर
आम्ही अकरा माणसं, मेंढ्या साडेचारशे,
आणि टपालाची एक बोट, जी येते
समुद्राला वाटलं तर.
म्हणून हिशोब माझ्याकडे. मी चाळीस वर्षं
लोकरीचं वजन लिहिलं आहे, गठ्ठ्यागणिक,
अर्धा किलोही सोडला नाही.

एका पेनात तीनशे युनिट.
रात्रीचे अठरा, आणि त्याआधी दोन हवेत सोडायचे,
सुईच्या टोकाशी थेंब दिसेपर्यंत.
तुम्मासला हे दोन फार लागतात.
'हवेला कसला मधुमेह,' म्हणतो.
अठरा नि दोन वीस. पंधरा दिवसांना एक पेन.
खोक्यात पाच. पंचाहत्तर दिवस.
सुया शंभर, रोज नवी.
सहा ऑक्टोबरला खोकं फोडलं,
तारीख झाकणावर, पेन्सिलीने.

काल साठ रात्री झाल्या.
चार पेनं संपायला हवीत, पाचवं कोरं.
मी फळीवर हात घातला तर
दोन कोरी. आणि टेबलाच्या खणातल्या चालू पेनात
एकशे ऐंशी.

हिशोब कमी भरला की माणूस घाबरतो.
जास्त भरला तर काय करायचं असतं
हे लोकरीने मला शिकवलं नव्हतं.

पुन्हा मांडलं. लिफाफ्याच्या पाठीवर, हातचा धरून.
सुया मोजल्या: उरलेल्या चाळीस, बरोबर.
म्हणजे एकही रात्र चुकवली नाही त्याने.
सातशे वीस भागिले साठ.
बारा.
त्यातले दोन हवेला, नियमाने, इमानाने.
त्याच्या वाट्याला दहा.

मग आठवला रात्रीचा नळ.
सकाळी सिंकमध्ये तीन-तीन पेले.
चष्मा बदलायला हवा म्हणत होता.
चढावर कुंपणाशी बसून राहायला लागला होता,
आणि मी म्हटलं, वय.

संध्याकाळी आला, मेंढ्यांचा वास घेऊन.
मी लिफाफा समोर ठेवला. त्याने तो
हवामानाचा अंदाज वाचावा तसा वाचला.
'दोन वर्षांपूर्वी बोट एकोणीस दिवस आली नव्हती,' म्हणाला.
'धुक्यात हेलिकॉप्टरही परत गेलं.
शेवटच्या पेनात उरले होते बावीस.
तू झोपली होतीस. मी मोजत बसलो होतो.'
बऱ्याच वेळाने:
'जानेवारी अजून यायचाय, मार्युन.'

हातचं राखून जगायचं, ही बापाची शिकवण.
गवत राखायचं, रॉकेल राखायचं, बोलणंसुद्धा.
याने औषध राखलं
आणि स्वतः खर्च होत राहिला.

पलीकडच्या बेटावर नर्सला फोन केला.
एइब्योर ओरडली नाही, तेच जास्त लागलं.
एकदम अठरा नको, म्हणाली. आज दहाचे बारा,
मग साखर बघून मी सांगेन तसं.
आणि नवं खोकं दोन पेनं उरली की मागवा,
एक उरल्यावर नाही.
क्लाक्सविकचं औषधाचं दुकान शनिवारी लवकर मिटतं
हेही मी कॅलेंडरवर लिहिलं, लाल शाईने.
मग नव्या मागणीत दोन पेनं वेगळी धरली,
एका चिठ्ठीवर लिहून त्याला दाखवलं:
हा तुझा जानेवारी. याला हात लावायची गरज
पडली तर मी सांगेन, तू नाही.

तो काही बोलला नाही. चिठ्ठीची घडी घालून
खिशात ठेवली.

रात्री त्याने स्वयंपाकघरात शर्ट वर केला.
दोन टिकटिकी. थेंब. हवेचं पोट भरलं.
मग मोजू लागला, मोठ्याने,
फाटकातून मेंढ्या सोडताना मोजतो तसा.
दहावर थांबला, सवयीने.
नंतर, माझ्याकडे न बघता,
टिक्.

टिक्.