वाट वाकडी करून

माझ्या वहीत त्या झाडाचं नाव
अडथळा क्रमांक एकेचाळीस.
चाळीसवर जिनिंगची चिमणी,
बेचाळीसवर मोबाइलचा टॉवर, डोक्यावर लाल दिवा घेतलेला,
आणि मधे हा निंब,
जळगावाबाहेर, चिंचोलीच्या बरडावर एकटाच.
बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सतरा मीटर वीस सेंटिमीटर.
त्यातले शेवटचे वीस वाऱ्यावर अवलंबून.

ट्रायपॉड रोवत होतो तेव्हा
धुरपताबाई शेळ्या घेऊन वर आल्या.
“काय मोजी राह्यना रे भाऊ?”
झाड, म्हटलं. अडथळा आहे.
“कोणले?”
इमानले, मी त्यांच्याच शब्दात सांगितलं,
आणि तो शब्द दोन्ही अर्थांनी
माझ्याच घशात अडकला.
“मंग इमानले सांग ना, जरासं बाजूले व्हय.”

मी हसलो.
तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.
धावपट्टीच्या टोकाहून रेडिओचा झोत निघायचा
सुताराच्या ओळंब्यासारखा ताठ,
फक्त आडवा केलेला,
आणि ढग खाली आले की विमानाने
त्याच सुतावरून उतरायचं.
सूत बरडावरून जायचं.
टेकडी कापता येत नाही.
झाड कापता येतं.
एवढं गणित मी कागदावर मांडलं
आणि खाली सही केली.

सही वाळेपर्यंत त्या सांगत होत्या,
मालकांनी इथं विहीर खणली होती,
पन्नास फूट नुसता मुरूम.
बुजवली, आणि वर हा निंब लावला,
खड्ड्यानं काहीतरी दिलं पाहिजे म्हणून.
म्हणजे वर सतरा मीटर.
खाली किती, ते माझ्या यंत्राला विचारता येत नाही.

फाईल सात वर्षं फिरली.
तलाठी, वनखातं, परत तलाठी.
त्या सगळ्या आळसाला माझा नमस्कार.

मग गगन आलं.
यंत्रणेचं नावच ते, मी ठेवलेलं नाही.
लोकांना वाटतं, उपग्रह वरून बघतो.
तो बघत नाही.
त्याला निंब दिसत नाही, केळीचे मळे दिसत नाहीत,
तापी कुठे वळली याचं त्याला काही नाही.
तो फक्त वेळ सांगतो,
न थांबता, कुणी विचारो न विचारो,
आणि खालचं यंत्र
चार-पाच घड्याळांमधला फरक ऐकून
आपण कुठे आहोत ते ओळखतं.

दिल्लीच्या कचेरीत मेहजबीन मॅडमनी
माझ्याच आकड्यांवर एक कंस काढला.
बरड डाव्या हाताला ठेवायचा,
धुऱ्याशी वखर वळवावा तसं एका दमात वळायचं,
आणि सरळ व्हायचं ते
धावपट्टी नाकासमोर आल्यावरच.
एकेचाळीसच्या रकान्यात त्यांनी लिहिलं:
राहू द्या.
सरकारी कागदावर असे दोन शब्द
मी नोकरीत पहिल्यांदा वाचले.

पहिल्या रात्री मी वर गेलो.
पौषातलं धुकं, शेळ्या गोणपाटाखाली.
आधी आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही,
मग एक दिवा,
पाणी भरलेली घागर कमरेवर घेताना बाई कलते
तसा कललेला,
निंबाला डावीकडे ठेवत, हळूहळू, न चुकता
शहराच्या उजेडात उतरत गेला.
फांदीवरचं एकही पाखरू उठलं नाही.

धुरपताबाई बघत राहिल्या.
सात वर्षांपूर्वीचं स्वतःचं बोलणं
त्यांना आठवत होतं की नाही, कळलं नाही.
मी आठवण करून दिली नाही, थोडा लाजलोच.
“इतली वाट वाकडी करीसन उनं,” त्या म्हणाल्या,
“चहा तरी पी जातं.”

मग तो मलाच प्यावा लागला, बकरीच्या दुधाचा.

नियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी फेरमोजणी असते.
त्या रात्री यंत्र बरोबर नव्हतं,
तरी डोळ्यांची सवय जात नाही.
हातभर तरी वाढला असेल.
अजून कुठे लिहिलेलं नाही.