शिरगणती

उदगीरच्या शाळेत, पत्र्याच्या हॉलमध्ये,
भिंतीला टाचलेल्या चादरीवर
पॅरिसचा मनोरा उभा राहिला, जरासा वाकडा,
कारण चादर मधेच दुमडली होती.
टाळ्या.
मग व्हेनिस, मग कुणाची तरी चप्पल, मग पुन्हा मनोरा.
आणि लाईट गेली.

कुणी अरेरे केलं नाही. आपल्याकडं करत नाहीत.
दोन-चार मोबाईल उजळले,
बिरादार सर म्हणाले, राहू द्या, चार्जिंग वाचवा.
आता पोरं सांगतील.

आधी नुसती खुसखुस.
मग सोपान बोलला:
हॉटेलातल्या किटलीत आम्ही येसर उकळला,
आमटी केली, कडक भाकरी चुरली.
असा वास सुटला
की शेजारच्या खोलीतल्या गोऱ्या आजीनं दार वाजवलं.
आम्ही गपगार.
तिनं हातातला मग पुढं केला.

इफ्रानं बर्फाचं सांगितलं.
सगळे नाचत होते, हिनं मात्र
मूठभर बर्फ अम्मीसाठी रुमालात बांधला
आणि रोपवेतून खाली आणला.
रुमाल आहे अजून.

मग माझा मन्मथ. चारचौघांत कधी न बोलणारा.
म्हणाला, ल्युसर्नच्या चौकात एक दगडी हौद होता,
वर नळी, धो धो पाणी, गोड, पिण्याचं.
मी तोटी शोधली.
चारी बाजूंनी शोधली.
तोटीच नव्हती.

हॉल चिडीचूप.
मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं,
रात्री पण चालूच?
रात्री पण.

तो तिथं नळीवर तळवा दाबून उभा होता,
बोटांतून पाणी उडून शर्ट भिजला,
आणि मी ओरडले होते, बस सुटेल, चल.
काय करतोय ते कळलं नव्हतं.
तसं मला तिकडचं बरंचसं कळलं नाही.
चर्चं उंच होती, पाय सुजले होते,
दर चौकात सर बोट नाचवत मोजायचे:
पोरं बावीस, पालक नऊ, एकतीस, चला.
पुतळ्यांची नावं विसरले,
आकडा राहिला.

"ब्रसेल्सवरून आम्ही जर्मनीला..." कुणीतरी सांगत होतं,
तेवढ्यात पहिल्या रांगेतून बारीक आवाज:
"नाही. ब्रसेल्सनंतर अ‍ॅमस्टरडॅम. सहावा दिवस.
दुपारी बोटीत बसलाव तुम्ही. जेवण पॅक."

ती माझी धाकटी, नीलांबिका.
पैसे दोघांपुरतेच जमले होते.
तिला सांगितलं, तू लहान आहेस,
आणि तिनंही आमचं मन राखायला ते खरं मानलं.
अकरा दिवस कार्यक्रमाचा कागद पिठाच्या डब्याला चिकटवून
रोज एका गावावर पेनानं टिक.
रात्री बापाला हलवून विचारायची,
पप्पा, तिकडं आता किती वाजले,
जेवली असतील का?

अंधारात मग सगळे तिलाच विचारू लागले.
रोम कधी? दहावा दिवस.
काचेचा कारखाना? व्हेनिस. वेळ मिळाल्यास.
मिळाला नाही, सर म्हणाले.

लाईट आली, डोळे चुरचुरले.
चादरीवर नुसता निळा उजेड.
सहलीवाले फोटोला उभे राहा, कुणीतरी ओरडलं,
इफ्रानं निलूचा दंड धरून तिलाही ओढलं.
सरांचं बोट सवयीनं फिरलं,
एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस.
थांबले. चष्मा पुसला.
पुन्हा काही मोजलं नाही.

देगलूर रोडनं गाडीवर येताना
आमच्या दोघांच्या मधे दबलेली निलू विचारते,
पासपोर्टच्या फोटोत हसलेलं चालत नाही म्हणे, खरंय?
खरंय.
मग किती वेळ नाही हसायचं?