शून्य ते दहा

डुलूथमध्ये मार्च म्हणजे हिवाळाच.
दवाखान्याच्या सातव्या मजल्यावरून सरोवर दिसतं.
अप्पा त्याला समुद्र म्हणतात.
त्या गोठलेल्या समुद्रावर माणसं
बर्फाला भोक पाडून, स्टुलावर बसून
मासे धरतात.
"वेड लागलंय यांना," अप्पा म्हणाले,
हसता हसता कुशीवर वळायला गेले,
आणि अर्ध्यातच थांबले.

नर्स इन्ग्रिड विचारते: शून्य ते दहा, किती दुखतंय?
मी मराठीत विचारते.
एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक,
कराडच्या बाजारात खोटे तराजू जप्त केलेला माणूस
म्हणतो, "दहा म्हणजे नक्की किती?
प्रमाण वजन कुठंय? शिक्का कुणाचा?"
मी सांगते, सात.

सात नव्हतं ते.
खुब्याच्या हाडात दिवसभर ठणका,
जिना चढताना चमक,
शिंक आली की कळ,
आणि रात्री अडीचला जे यायचं
त्याला अप्पांनी नाव दिलं नव्हतं,
नुसता उशीचा कोपरा दातांत धरायचे.
इंग्रजीत या सगळ्याला मी एकच शब्द वापरला.
मापात पाप माझंच.

डॉक्टर ओकाफोरनी कागदाच्या पाठीवर हाड काढलं,
हाडात लिंबाएवढी गाठ.
किरणं देऊन झाली, गोळ्यांनी भ्रम होतो,
तर आता गोठवून पाहू.
दाभणाएवढ्या तीन सुया, पाठीकडून,
त्यांतून वायू, टोकाशी बर्फ.
दुखणं वाहून नेणाऱ्या नसा तिथे गारठून गप्प होतील.
गाठ बरी होणार नाही, हे ते दोनदा म्हणाले.
मी एकदाच सांगितलं.

लिफ्टमध्ये अप्पा म्हणाले,
"तो दोनदा बोलला. तू एकदाच."
मी मजल्यांचे आकडे बघत राहिले.
"असू दे. पोचलं मला."

नंतर तंत्रज्ञाने मला चित्र दाखवलं.
राखाडी हाडात एक काळा, अंडाकृती डाग.
हा बर्फ, तो म्हणाला, इतका स्वच्छ दिसतो
की कुठे थांबायचं ते कळतं.
दहा मिनिटं गोठवलं, आठ मिनिटं वितळू दिलं,
पुन्हा दहा.
कातडी गोठू नये म्हणून
रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून
पाठीवर ठेवलं होतं.
पाच बोटांचा, कुणाचाच नसलेला तो ऊबदार हात
मला नंतर कितीदा आठवला.

पहिले तीन दिवस दुखणं उलट वाढलं.
मी ओकाफोरना मनातल्या मनात शिव्या दिल्या,
मराठीत, भाषांतर न करता.

सहाव्या रात्री अडीचला सवयीनं जाग आली.
घरात आवाज नाही.
दूर सरोवरावर बर्फाला तडे जात होते,
जाड लाकूड फुटावं तसे.
दार लोटून पाहिलं:
अप्पा डाव्या कुशीवर झोपलेले,
चार महिने ज्या कुशीला बंदी होती त्या.
उशीचा कोपरा कोरडा.
मी तशीच उभी राहिले, पाय गार पडेपर्यंत.

सकाळी ते स्वतः मोजे घालत होते, वेळ लावून,
तेवढ्यात इन्ग्रिडचा फोन.
शून्य ते दहा?
मी तोंड उघडायच्या आत
अप्पांनी फोन मागून घेतला.
"टू," ते म्हणाले, शिक्का मारल्यासारखं.

फोन परत देताना मला म्हणाले,
"अडीच आहे खरं तर.
पण आता अपूर्णांकावरून
कुठे भांडत बसू तिच्याशी."