सत्तरला

साठपर्यंत निवा शहाण्यासारखी असते.
सत्तरला तिच्या अंगात येतं.
आरशातलं सिसियान विरघळू लागतं,
गिअरचा दांडा दात वाजवतो,
ॲशट्रेतली नाणी आपापली जागा सोडून
एका कोपऱ्यात गोळा होतात.

चाकं बॅलन्स केली.
शाफ्टचे क्रॉस नवे टाकले, दोन आठवड्यांच्या चीजचे पैसे त्यात गेले.
इंजिनाखालची रबरं बदलली.
दीर म्हणाला, निवाच ती, थरथरणारच.
रेडिओ मोठा कर.

तीन वर्षं रेडिओ मोठा करून काढली.

उस्ता सेरोबने बॉनेट उघडलंच नाही.
शेजारी बसला, डोळे मिटले,
तळवा खाली, दोन सीटांमधल्या पत्र्यावर.
गोरिसच्या रस्त्यावर सत्तरला म्हणाला, न्यूट्रल.
थरथर तशीच.
इंजिन सुटलं, म्हणाला, आणि बिडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी पुढचा शाफ्ट काढून ठेवला,
लॉक लावून नुसत्या मागच्या चाकांवर पळवली.
तशीच.
पुढचाही सुटला.

उरली ट्रान्सफर केस.
तिन्हीकडून शाफ्टांची ओढ
आणि ही मधोमध, चार नटांवर, गाडीच्या पोटाशी.
उस्ता खालूनच बोलला,
हे कोणी बसवलं?
वाहरामने. सील बदललं होतं.
क्रास्नोदारला निघायच्या आदल्या रात्री.
बराच वेळ नुसता टॉर्च हलत राहिला.
आवळलंय मात्र जिवाच्या आकांताने.
वाकडंच.

गोठ्यातले दगड आणून चारी चाकं अधांतरी केली.
चारही नट ढिले.
मी आत बसले, चौथा टाकला,
आणि घरासमोर उभ्या जागी ताशी सत्तरने निघाले.
सासू दारात येऊन बघत राहिली.
खाली केस आधी थडथडली, मग डुलली,
मग हळूहळू, कोणी न सांगता,
बोटभर डावीकडे सरकून थांबली.
हात लावू नका कुणी, उस्ता म्हणाला,
जरी लावणारं कुणीच नव्हतं.
एका बाजूला चकती कमी पडली,
ती सार्डिनच्या डब्यातून कापली.
मग थोडं इकडून, थोडं तिकडून
आवळत गेला,
पोराच्या बुटाची नाडी बांधावी तसं.

संध्याकाळी पुन्हा तोच रस्ता.
सत्तर. नाणी जागच्या जागी.
आरशात पाण्याची टाकी, आमचं छप्पर,
छपरावर वाळत घातलेली जर्दाळूंची चादरसुद्धा.

नव्वदला थोडी उरते, मी म्हणाले.

नव्वदने कुठे जायचंय तुला?

मी सांगितलं नाही.