गहाळ

हवालदार वायदंडे पेन झटकून विचारतात,
"कुठं गहाळ झालं म्हणायचं?"
अर्जात तशी एक रिकामी ओळ असते.
विद्यापीठाकडून दुय्यम प्रत हवी
तर आधी पोलिसांचा दाखला,
आणि दाखल्याला हवं एखादं ठिकाण :
एसटी स्टँड, मारुती रोड, शनिवारचा बाजार,
माणसाच्या हातून कागद सुटू शकतो असं काहीतरी.

माझ्या हातून सुटला नाही.
मी तो दिला. दोन्ही हातांनी, किंचित वाकून.
इस्त्रीला साड्या टाकतानाही मोजून टाकणारी मी,
पावती मागितली नाही.

एकोणीसच्या पुरात बाबांनी
कपाट सोडलं, गॅस सोडला, आईचं शिलाई मशीन सोडलं.
माझी फाईल तेवढी साबुदाण्याच्या डब्यात घातली
आणि डबा छातीशी धरून बोटीत बसले.
बोटवाला म्हणाला, काका, लेकरू आहे का आत?
बाबा म्हणाले, बी.एड. आहे.

कृष्णेनं सोडून दिलेला तो कागद
तिकडं एका लोखंडी कपाटात गेला,
पासपोर्टच्या शेजारी.
"सेफ राहील," ऑफिसातली लिसीअम्मा म्हणाली.
तिचाही तिथंच होता,
हे मला सातव्या महिन्यात कळलं.

सांगलीत सही केली तो करार चार पानांचा होता.
उतरल्या रात्री पुढ्यात ठेवला तो नऊ पानांचा,
उजवीकडून सुरू होणारा.
मी डावीकडून सही केली.
स्वतंत्र घराची चौघींत एक खोली झाली,
आणि पगार महिन्याचा राहिला नाही,
आला की आला.
शेजारच्या वर्गात तोच भूगोल शिकवणाऱ्या
गोऱ्या सरांना तिप्पट मिळायचे.
माणूस चांगला होता. नकाशे माझ्याकडून काढून घ्यायचा.

नकाशा मी हात न उचलता काढते.
नववीच्या फळ्यावर आखात काढलं
आणि पाण्यावर नाव लिहिलं,
वसगड्याच्या शाळेत गुरुजींनी गिरवून घेतलेलं.
मागच्या बाकावर फोनचा बारीक आवाज झाला. टिक.

रात्री साडेदहाला मुख्याध्यापक :
त्या पाण्याला इथं दुसरं नाव आहे.
मी म्हटलं, उद्या पुसून दुसरं लिहिते.
ते म्हणाले, उद्या येऊ नका.
राजीनामा पाठवा,
नाहीतर फरारी म्हणून कळवावं लागेल.

फरारी.
मी शाळेच्याच खोलीत, शाळेच्याच पलंगावर,
मांडीवर सव्वीस वह्या,
अकरावीपर्यंत तपासून झालेल्या.
बारावी वही उघडून तपासली. का, ते माहीत नाही.
मुलीनं मोसमी वाऱ्यांचे बाण
अगदी बरोबर काढले होते.

पासपोर्ट विमानतळावर मिळाला,
ड्रायव्हरच्या खिशातून, घामानं ओला.
कागद हेड ऑफिसात आहेत, कुरिअर करू.
दोन पगारांबद्दल कुणी काही बोललं नाही.
याला आता चौदा महिने झाले.

वायदंडे थांबलेत.
त्यांच्या मागं भिंतीवर पुराची रेघ,
दोनदा रंग देऊनही वर आलेली.
"असं करू," म्हणतात,
"प्रवासात गहाळ, असं लिहितो.
तुम्हाला बी सोपं, आम्हाला बी."

मी मान हलवते.
म्हणजे आता माझा कागद
कुठल्यातरी सीटखाली पडला आहे,
आणि चूक, असलीच तर, माझ्या झोपेची.

शिक्का शाईत दाबता दाबता ते थबकतात.
"मॅडम, पगार किती होता ओ तिकडं?
आमची थोरली बी.एड.ला आहे.
मालगावचा एक एजंट मागं लागलाय."

मी सांगते. मूळ प्रत देऊ नका, हेही सांगते.
दोन्ही आकडे सांगते,
कागदावरचा, आणि हातात पडलेला.

ते दोन्ही टिपून घेतात चलनाच्या पाठीवर,
एकाखाली एक, बेरजेला मांडल्यासारखे,
जरा वेळ बघतात
आणि वरच्याला गोल करतात.